भूकंपानंतर घर परत मिळतं; आळी परत कशी मिळते?

दर थोड्या महिन्यांनी आपल्या नाशिकमध्ये एक बातमी येते. पेठ, सुरगाणा, कळवण किंवा दिंडोरी तालुक्यात कुठेतरी जमीन हलली, भांडी वाजली, लोक ओट्यावर येऊन बसले. दिंडोरी रोडवरच्या 'मेरी'त, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, सौम्य धक्क्याची नोंद झाली. मग शहरातल्या व्हॉट्सॲप गटांवर 'तुम्हाला जाणवलं का?' सुरू होतं. कुणी म्हणतं पलंग हलला, कुणी म्हणतं तुला चक्कर आली असेल. दुसऱ्या दिवशी कांद्याचा भाव पडतो आणि विषय संपतो.

मोठा भूकंप झाल्यावर शहराचं पुढे काय होतं, हा प्रश्न या गडबडीत राहून जातो. पहिल्या आठवड्याचं चित्र सगळ्यांना पाठ आहे: ढिगारे, लष्कराचे ट्रक, बिस्किटांचे पुडे. तिसऱ्या वर्षी कॅमेरे गेलेले असतात आणि माणसं अजून पत्र्याच्या शेडमध्येच असतात. हा लेख त्या तिसऱ्या वर्षाबद्दल आहे.

आधी आकडा समजून घेऊ, दुतोंड्या मारुतीच्या साक्षीने

भूकंपाचे दोन आकडे असतात आणि बातम्यांत त्यांची हमखास खिचडी होते. पहिला आकडा म्हणजे मॅग्निट्यूड: जमिनीखाली एकूण किती ऊर्जा सुटली. एका भूकंपाला तो एकच असतो. तो एकाने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते, त्यामुळे ५ आणि ६ यांतला फरक 'थोडासाच' नसतो. दुसरी गोष्ट तीव्रता: तुमच्या दारात प्रत्यक्ष किती हादरलं. ती जागोजागी वेगळी असते.

नाशिककराला हे पुरावरून लगेच कळेल. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं तो मॅग्निट्यूड. पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की गळ्याला, सराफ बाजारात शिरलं की नाही, ती तीव्रता. त्याच विसर्गात रामकुंडावरचा दुकानदार माल उचलत असतो आणि कॉलेज रोडवरचा माणूस फोटो बघत चहा पीत असतो. भूकंपाचंही असंच. केंद्र किती जवळ आणि किती उथळ, खाली खडक की भुसभुशीत माती आणि डोक्यावर कसलं छप्पर, यावर कुणाचं काय होणार ते ठरतं.

'पण आपण तर झोन तीनमध्ये आहोत'

खरं आहे. गेली अनेक वर्षं चालत आलेल्या, देशाच्या भूकंपधोक्याच्या नकाशात नाशिक झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्यात मोडतं. त्यावर निवांत झोपणाऱ्यांसाठी एक आठवण. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली, तेव्हा तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या, झोन १ मध्ये होता. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, माणसं दमून गाढ झोपली होती. सुमारे १० हजार जीव गेले. मॅग्निट्यूड ६.२, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यमच. पुढे २००२ मध्ये झोन १ हा प्रकारच नकाशातून काढून टाकला आणि लातूरचा तो भाग झोन ३ मध्ये आला. आपल्या रांगेत.

नाशिकला उद्या भूकंप होणार, असं मी म्हणत नाही. तारीख सांगणारा कुणीही भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. भूकंपाचं भाकीत आज कुणालाही करता येत नाही.

मारतं ते छप्पर

किल्लारी परिसरातली घरं दगड-मातीची होती. जाड भिंतींत गोलसर दगड मातीत बसवलेले, आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांना सांधणारे लांब दगड नाहीत. वर माळवद. गळती थांबावी म्हणून माळवदावर मातीचे थर चढत जायचे आणि छप्पर जड होत जायचं. हादऱ्यात भिंतीची दोन्ही अंगं सुटली आणि ते सगळं ओझं झोपलेल्यांवर आलं.

'आमचं तर आरसीसी आहे' हा पुढचा आक्षेप. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये ७.७ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला, तेव्हा दोनशे किलोमीटरहून दूरच्या अहमदाबादेत आरसीसीच्या अपार्टमेंटही कोसळल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारतींना खाली मोकळं पार्किंग होतं: वर प्रत्येक मजल्यावर विटांच्या भिंती, तळमजल्यावर नुसते खांब. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन काठ्यांच्या पायांवर उभं राहावं तसं. इंदिरानगरपासून गंगापूर रोडपर्यंत आपल्या किती इमारती अशा उभ्या आहेत, ते संध्याकाळी फिरायला जाल तेव्हा बघा. चांगल्या खांबात उभ्या सळ्यांभोवतीच्या लोखंडी रिंगा जवळजवळ असतात आणि त्यांची टोकं आत, काँक्रीटमध्ये वळवलेली असतात. हादऱ्यात खांब फुगून फुटू नये म्हणून. काँक्रीट ओतायच्या आधी हे विचारणारा घरमालक मला अजून भेटलेला नाही. टाइल्सचा रंग विचारणारे पुष्कळ.

पहिला दिवस शेजाऱ्यांचा

१७ जानेवारी १९९५ ला पहाटे जपानमधलं कोबे शहर उद्ध्वस्त झालं. त्या भूकंपात ६,४३४ माणसं गेली. श्रीमंत देश, शिस्तीची यंत्रणा, तरीही ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काढलं. कारण साधं आहे. पलीकडची आजी कुठल्या खोलीत झोपते, हे अग्निशमन दलाला ठाऊक नसतं; शेजारणीला असतं. नागाता भागातल्या मानो वस्तीत रहिवासी आधीपासून संघटित होते. पाण्याचे नळ कोरडे असताना त्यांनी बादल्यांच्या रांगा लावून आग अडवली.

कोण कुठे झोपतं, कोण कुणाच्या शेजारी राहतं, ही माहिती फुकट असते, कुठल्याही सरकारी कागदावर नसते आणि पुढच्या टप्प्यात सरकार नेमकी तीच उधळून टाकतं.

पत्र्याचं गाव, साधुग्रामसारखं. पण न उठणारं

तात्पुरतं शहर उभं करणं आपल्याला नवीन नाही. सिंहस्थात तपोवनात साधुग्राम उभं राहतं: रस्ते, नळ, वीज, संडास, पोलीस चौकी. पर्वणी संपली की उठतं, कारण साधूंना परत जायला आखाडे असतात. भूकंपग्रस्तांना परत जायला काहीच नसतं. 'सहा महिन्यांसाठी' दिलेला पत्रा वर्षानुवर्षं डोक्यावर राहतो.

साधुग्रामाची आणखी एक गोष्ट आपण लक्षात घेत नाही. तिथे जागा आखाड्यावार मिळते. माणसं आपापल्या माणसांत उतरतात.

कोबेत उलट झालं. तात्पुरती सुमारे ४८ हजार घरं बांधली गेली आणि त्यांचं वाटप सोडतीने झालं. वृद्ध आणि अपंगांना प्राधान्य. ऐकायला किती न्याय्य! म्हाडाच्या सोडतीसारखं, कुणाचा वशिला नाही. पण एकाच गल्लीतली दहा घरं दहा दिशांना गेली. ज्यांना ओळखीची सगळ्यांत जास्त गरज होती, ती म्हातारी माणसं शहराबाहेर अनोळखी रांगांमध्ये एकेकटी राहायला आली. पुढच्या काही वर्षांत तिथे दोनशेहून अधिक माणसं एकटी असताना गेली. काहींचं तर दिवस उलटल्यावर कळलं. अशा मरणाला जपानीत 'कोदोकुशी' म्हणतात. त्यांच्या डोक्यावर छप्पर होतं, पण रोज दाराशी येऊन 'आज दूध नाही घेतलंत?' विचारणारं कुणी नव्हतं.

जपान यातून शिकला. २००४ मध्ये निइगाता भागात भूकंप झाला तेव्हा यामाकोशी या डोंगरी गावातली माणसं आधी मिळेल त्या निवाऱ्यांत विखुरली होती. नंतर पाडा-पाड्याप्रमाणे त्यांची पुन्हा मांडणी केली आणि तात्पुरती घरंही त्याच हिशेबाने दिली. खर्च फारसा वाढत नाही, यादी मात्र आधी हातात लागते: कोण कुणाच्या शेजारी राहत होतं, याची.

'एवढी कटकट कशाला? आडगावकडे नवं गाव वसवा'

हा आक्षेप समंजस वाटतो, म्हणूनच त्यावर जरा थांबू. जुन्या नाशकातले बोळ अरुंद, वाडे जीर्ण; दर पावसाळ्यात कुठल्यातरी वाड्याची भिंत खचते आणि नोटिसा निघतात. सगळ्यांना मोकळ्या जागी नेलं तर काय बिघडलं?

किल्लारीने हे करून पाहिलं. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतली ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. जागतिक बँकेचं कर्ज होतं, देशभरातल्या संस्था आल्या, काम मोठंच होतं. घराचं माप जमिनीवरून ठरलं: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५०, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५० चौरस फूट. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, कॉलनीसारखी आखणी. घरं भूकंपाला टिकणारी होती, हे मान्यच करायला हवं.

पण जुनं गावठाण दाट होतं. ओट्यावर बसल्या बसल्या चार घरांशी बोलणं व्हायचं. नवी गावं कितीतरी पट पसरली, भाऊबंद लांब गेले, बैल आणि कडबा कुठे ठेवायचा याचा विचार बऱ्याच ठिकाणी झालेला नव्हता. लोकांनी मग घरांना पत्र्याची पडवी जोडली, न्हाणी बाहेर काढली, जमेल तसं जुनं घर नव्या घराला चिकटवलं. त्याच कार्यक्रमात ज्या गावांना हलवलं नाही, तिथे लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि मजबुती मालकांनी स्वतः करून घेतली. पैसे हप्त्याने मिळत. गावातल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून तयार केलं होतं. लोखंड किती, सिमेंट किती, हप्ता का अडला, हे त्या घरोघरी समजावत. माझं मत विचाराल तर किल्लारीच्या पुनर्वसनातला सगळ्यांत शिकण्यासारखा भाग हाच, पण नवीन गावाच्या कमानीसारखा त्याचा फोटो काढता येत नाही.

कच्छच्या लोकांनी हे ऐकलेलं होतं. २००१ मध्ये स्थलांतराची भाषा सुरू झाली तेव्हा बहुतेक गावांनी नकार दिला आणि आहे तिथेच, आपल्या हाताने घरं बांधली. सरकारी मदतीचे तीन हप्ते, प्रत्येक हप्त्याआधी इंजिनिअरची तपासणी. यात मालक स्वतः रिंगा मोजतो, कारण झोपायचं त्यालाच असतं.

आणि काही गोष्टी उचलून नेताच येत नाहीत. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी उघडतात. शनि चौक, तिवंधा, दही पूल. पेशवेकाळापासूनचे हे हौद वर्षभर मातीखाली बुजवलेले असतात. प्रत्येकीचा रंग ठरलेला, पूजेचा मान ठरावीक घराण्याचा, मग धप्पा मारायला सगळी पेठ. तिवंध्याची माणसं आडगावला नेता येतील. रहाड कशी नेणार? तिथे नवा हौद खणला तर तो पोहण्याचा तलाव होईल.

रुंद रस्ता कुणाच्या जागेतून?

मात्र 'जसं होतं तसंच बांधा' हेही उत्तर चुकीचं आहे. कच्छमधल्या अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाची प्रभातफेरी काढलेली शाळकरी मुलं अरुंद बोळात होती. दोन्हीकडची घरं त्यांच्यावर आली. जवळपास दोनशे गेली. असे बोळ पुन्हा तसेच बांधा, असं कुणाच्या तोंडून निघेल?

मग रस्ता रुंद करायला जागा लागते, आणि ती कुणाच्या तरी ओट्यातूनच येते. भुजच्या तटबंदीच्या आतल्या गावासाठी टीपी स्कीमचा, म्हणजे नगररचना योजनेचा, मार्ग घेतला. कल्पना सोपी आहे. पंगतीत सगळे जरा जरा सरकले की वाढप्याला मधून वाट मिळते. प्रत्येक भूखंडातून थोडी जागा घ्यायची. मोठ्याकडून जास्त, लहानाकडून कमी. उरलेले तुकडे चौकोनी करून जवळपास त्याच जागी परत द्यायचे. एकट्यालाच उठवायचं नाही.

'टीपी' हा शब्द ऐकून मखमलाबादकर कान टवकारतील. स्मार्ट सिटीच्या योजनेवरून तिथल्या शेतकऱ्यांनी केलेला विरोध लोक विसरलेले नाहीत. सरकायचं कुणी किती, मोजणार कोण, परत मिळणारा तुकडा कुठला: भांडण याच तीन प्रश्नांवर होतं, आणि ते रास्त आहे. भुजमध्येही बैठका, नकाशे, हरकती यांत बराच काळ गेला. तोवर तटबंदीच्या आत बांधकाम अडलेलं होतं आणि लोक वैतागलेले होते. कोबेने उलट घाई केली. भूकंपानंतर दोनच महिन्यांत, १७ मार्च १९९५ ला, आराखडे जाहीर झाले. रहिवासी निवाऱ्यांत झोपलेले असताना त्यांच्या गल्लीवर रेघा ओढल्या गेल्या, म्हणून संताप झाला. शेवटी तोडगा निघाला तो असा: मुख्य रस्ते आणि बागा आधी ठरवायच्या, आतल्या गल्ल्यांचं त्या-त्या वस्तीच्या समितीने बसून ठरवायचं. मला हा तोडगा आवडतो.

आता सगळ्यांत अवघड गाठ. भुजमध्ये मदत मुख्यतः मालकाला मिळाली, भाडेकरूंचा प्रश्न लोंबकळत राहिला. जुन्या नाशकातल्या एखाद्या वाड्याचा उतारा काढून बघा. मालक म्हणून आजोबांचं नाव, ते जाऊन तीस वर्षं झालेली, वारस अकरा, त्यांतले दोन पुण्यात आणि एक परदेशात. वाड्यात राहतात ते पाच भाडेकरू, पंधरा-वीस रुपये भाड्यावर, तीन पिढ्या. वाडा पडला की कागदावर वाडा अकरा जणांचा, आणि उघड्यावर येतात ते पाच. पुनर्बांधणीचा हप्ता कुणाच्या खात्यात जाणार? दर पावसाळ्यात एकेक वाडा खचतो तेव्हा हाच प्रश्न लहान आकारात येऊन जातो. गोदाकाठच्या, खचत चाललेल्या काझीच्या गढीवरच्या घरांचा प्रश्नही असाच: पावसाळ्याच्या तोंडावर 'हला' म्हणतात आणि लोक विचारतात 'कुठे?'

दुकान उघडल्याशिवाय गाव उघडत नाही

हे थोडक्यात सांगतो. भूकंपाआधी कोबेचं बंदर कंटेनर वाहतुकीत जगात सहावं होतं. धक्के दुरुस्त होईपर्यंत जहाजं दुसऱ्या बंदरांत गेली, ती पूर्वीच्या प्रमाणात परतलीच नाहीत. गिऱ्हाईक थांबत नाही, हे सराफ बाजारात कुणाला समजावावं लागणार नाही.

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चने यातून एक छान वाट काढली. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात तिथे १८५ माणसं गेली आणि शहराचा मध्यभाग बंद झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मालवाहू कंटेनर रंगवून त्यांत दुकानं आणि कॉफीची ठिकाणं उघडली. लोक निदान शहरात येऊ लागले. एका रिकाम्या प्लॉटवर नाचायला फळ्या टाकल्या आणि जुन्या कपडे धुण्याच्या यंत्राला स्पीकर जोडले. नाणं टाका, गाणं लावा, नाचा. ढिगाऱ्यात नाचतात काय, असं वाटेल. पण ज्यांच्या चौकात रंगपंचमीला डीजे आणि रहाड एकत्र नांदतात, त्यांनी नाक मुरडू नये.

त्याच शहरात नदीकाठची सुमारे आठ हजार घरं मात्र कायमची सोडून द्यावी लागली. तिथली ओली, रेताड जमीन हादऱ्यात घट्टपणा सोडून चिखलासारखी वागली. बोळावर मांड ठोकायची की उठायचं, हे भावनेवर सोडता येत नाही. खालची जमीन काय म्हणते तेही ऐकावं लागतं.

'मग किती वर्षं?'

कोबेची लोकसंख्या भूकंपाआधीच्या आकड्यावर यायला २००४ उजाडलं, म्हणजे जवळपास दहा वर्षं. शेवटचं तात्पुरतं घर २००० मध्ये रिकामं झालं. आणि आकडा परत आला तरी माणसं तीच नव्हती. बरेच नवे होते. दहा वर्षांत शाळेत जाणारं पोर नोकरीला लागतं. तेवढा काळ आळी विखुरलेली राहिली तर ती परत जुळवायला नुसती घरं पुरत नाहीत.

यादी कुणाकडे आहे?

म्हणून सारखी तीच गोष्ट समोर येते: कोण कुठे राहतं, कुणाशेजारी राहतं. ढिगाऱ्यात शोधायला ती लागते, पत्र्याचं गाव आळीवार वसवायला लागते, भाडेकरूला हप्ता मिळवून द्यायला लागते. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर फक्त मालक असतो. मतदार यादीत लग्न होऊन गेलेल्या मुली असतात आणि नुकतं आलेलं बिऱ्हाड नसतं. रामकुंडावरच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत सात पिढ्या सापडतील, पण त्या परगावच्या यजमानांच्या.

खरी यादी गणेश मंडळाच्या वर्गणीच्या वहीत आहे. कुठला वाडा, कितवा मजला, मालक की भाडेकरू, कुणाकडे म्हातारं माणूस आहे म्हणून ढोल जरा पुढे नेऊन वाजवायचा, कुणाला तीनदा जावं लागतं, कुणाकडून यंदा मागायचं नाही कारण घरात आजारपण आहे. पोरं दरवर्षी घरोघर फिरून ती ताजी करतात. अशी मोजणी कुठल्याही खात्याला परवडणार नाही.

मी आमच्या जुन्या आळीतल्या मंडळात विचारलं, वही कुठे असते? पत्र्याच्या पेटीत, मांडवाच्या पडद्यांखाली. पेटी तळमजल्यावर, वाड्याच्या जिन्याखाली. त्या जिन्याला दोन वर्षांपासून लाकडी टेकू दिलेला आहे. पोरांनी तिथेच उभं राहून मोबाइलवर पानापानाचे फोटो काढले आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकले. पहिला प्रतिसाद आला खजिनदाराचा: 'अरे, रकमा झाका की आधी.'